ताकद वाढली, तरी चाहते नाराज का? स्पोर्ट्‌स कारच्या लहान झालेल्या इंजिनाची गोष्ट

२०१६ मध्ये पोर्शेने आपल्या बॉक्स्टर या दोन सीटच्या स्पोर्ट्‌स कारचं इंजिन बदललं. २.७ लिटरचं, सहा सिलिंडरचं इंजिन काढलं आणि २ लिटरचं, चार सिलिंडरचं, टर्बो (हवा दाबून आत भरणारं यंत्र) लावलेलं इंजिन बसवलं. ताकद २६५ अश्वशक्तीवरून ३०० वर गेली. ऑटोमॅटिक गाडीला शून्यापासून शंभरचा वेग गाठायला साडेपाच सेकंद लागायचे, ते ४.७ वर आले. पेट्रोलही कमी लागू लागलं. नाव ७१८ बॉक्स्टर झालं, अंगावरचे बहुतेक पत्रे नवे आले. एवढं सगळं सुधारूनही या गाडीचे जुने चाहते नाराज झाले. जगभर झाले, आणि आमच्या संभाजीनगरातही झाले.

मराठवाड्यात अशा पोर्शे आहेत तरी किती, असं कुणी विचारेल. मोजक्याच आहेत. पण इंजिन या विषयावर तावातावाने बोलणारी माणसं इथे रग्गड आहेत. वाळूजला १९८५ पासून बजाज आहे, शेंद्र्याला २००१ पासून स्कोडा. या कारखान्यांभोवती कास्टिंग, फोर्जिंग, मशिनिंग करणारे व्हेंडर उभे राहिले, आणि घराघरांतून कुणी सीएनसीवर, कुणी क्वालिटीत, कुणी असेंब्ली लाइनवर लागलं. ऑक्टोबर २०१० मध्ये याच शहरातल्या उद्योजक, डॉक्टर, बिल्डर मंडळींनी मिळून एका दमात सुमारे दीडशे मर्सिडीज घेतल्या होत्या, ती बातमी देशभर गाजली. स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस ज्यांनी एकदा चालवली, त्यांना लागलेला टर्बो पेट्रोलचा नाद अजून सुटलेला नाही. त्यामुळे सिडकोत कॅनॉटला रात्री चहाला जमलेल्या घोळक्यात हा विषय निघाला की घरी जायची वेळ टळून जाते.

एकजण म्हणतो, "आवाजच नाही राहिला तर एवढे पैसे कशापायी घालायचे?" त्यावर दुसरा म्हणतो, "अरे, घड्याळ काय सांगायलंय ते बघ की!"

माझ्या मते दोघंही खरं बोलतात. पहिल्याला ताकद कशी हाती येते याच्याशी मतलब आहे, दुसऱ्याला ती किती आहे याच्याशी. शिवाय इंजिन लहान करायचा निर्णय मुळात या दोघांपैकी कुणासाठीच झालेला नव्हता, तो झाला कायद्याच्या आणि कराच्या वहीत. हे धागे सुटे केले की भांडण बरंच समजतं.

लिटर म्हणजे नेमकं काय

इंजिन किती लिटरचं, म्हणजे त्याचे सगळे पिस्टन खालपासून वरपर्यंत गेले की एकूण किती जागा झाडून काढतात. गाडीत पेट्रोल किती मावतं याच्याशी त्याचा काही संबंध नाही. दोन लिटरचं इंजिन दोन फेऱ्यांत साधारण दोन लिटर हवा आत घेतं. सगळा खेळ त्या हवेचाच आहे. एक किलो पेट्रोल नीट जाळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. पेट्रोल वाटेल तेवढं आत सोडता येतं, पंपाने दाबलं की झालं. हवा मात्र तशी मिळत नाही. म्हणून जास्त ताकद हवी असेल तर जास्त हवा आत घ्यावी लागते, आणि त्याचे मार्ग तीनच. इंजिन मोठं करा, नाहीतर ते जास्त वेगाने फिरवा, नाहीतर हवा दाबून भरा. जुन्या बॉक्स्टरने पहिले दोन मार्ग धरले होते, नव्या गाडीने तिसरा धरला.

एक गंमत इथे सांगण्याजोगी आहे. त्याच सुमाराला पोर्शेने आपल्या मोठ्या ९११ गाडीत ३ लिटरचं, सहा सिलिंडरचं टर्बो इंजिन आणलं. त्याच्या सिलिंडरचा व्यास ९१ मिलिमीटर आणि पिस्टनचा प्रवास ७६.४ मिलिमीटर. ७१८ च्या २ लिटर इंजिनाची मापंही नेमकी तीच आहेत. म्हणजे ९११ च्या इंजिनातून दोन सिलिंडर वजा केले की बॉक्स्टरचं इंजिन तयार. एका सिलिंडरमागे साधारण अर्धा लिटर हे माप आज अनेक कंपन्या वापरतात, कारण त्या आकारात ज्वलन चांगलं होतं आणि सुटे भाग, मशीन, टूलिंग सगळं सामायिक राहतं. वाळूजच्या कुठल्याही टूलरूममधल्या माणसाला यातली बचत चटकन कळेल.

भाता, पण स्वतःच्या धुरावर चालणारा

टर्बोचं काम लोहाराच्या भात्यासारखं आहे. आगीला जोराने हवा द्यायची. फरक एवढाच, की हा भाता हलवायला माणूस लागत नाही. सायलेन्सरकडे निघालेला गरम वायू एक चक्र फिरवतो. त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला बसवलेलं चक्र बाहेरची हवा ओढतं आणि दाबून इंजिनात ढकलतं.

चिकलठाणा एमआयडीसीतल्या एका गॅरेजमध्ये टर्बो उघडून टेबलावर मांडलेला पाहिला तेव्हा मला सगळ्यात नवल वाटलं ते दांड्याचं. बोटापेक्षाही बारीक. एका टोकाला काळपट पडलेलं जड चक्र, कारण त्या बाजूने जाणारा वायू पेट्रोल गाडीत ९०० ते १००० अंशांपर्यंत तापलेला असतो. दुसऱ्या टोकाला अॅल्युमिनियमचं चकचकीत, हलकं चक्र, पाती इतकी पातळ की नख लागलं तर वाकतील असं वाटावं. हा दांडा मिनिटाला दीड लाखाच्या वर फेरे घेतो, आणि फिरताना तो बुशला टेकलेला नसतो, तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. मेकॅनिकने दांडा दोन बोटांत धरून हलवून दाखवला. बाजूला किंचित हलला तर चालतं, कारण तेलासाठी तेवढी जागा ठेवलेलीच असते. पुढे-मागे सरकायला लागला की टर्बो गेला म्हणून समजायचं.

गाडी जोरात आणून लगेच बंद करू नका, मिनिटभर स्लोवर चालू ठेवा, असं जुने ड्रायव्हर सांगतात त्याचं मूळ या तेलाच्या थरात आहे. इंजिन बंद झालं की तेलाचा पंप थांबतो, टर्बो मात्र लालबुंद असतो, आणि आत अडकलेलं तेल करपून त्याची कडक पुटं चढतात. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत टर्बोभोवती पाणी फिरवलेलं असतं आणि चावी काढल्यावरही एक छोटा विजेचा पंप ते फिरवत राहतो. तरीही मे महिन्यात आपल्याकडे ती जुनी सवय सोडू नये, असं मला वाटतं.

ओढ आधी, की नंतर

अश्वशक्तीचा आकडा सगळे बघतात. पण रोज गाडी चालवताना कळतो तो टॉर्क, म्हणजे चाकाला मिळणारी पिळाची ताकद, जिला आपण ओढ किंवा पिकअप म्हणतो. जुन्या बॉक्स्टरला सगळ्यात जास्त ओढ २८० न्यूटन-मीटर होती, आणि ती हाती यायला आरपीएमचा, म्हणजे इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं ते दाखवणारा, काटा ४५०० पर्यंत न्यावा लागायचा. ७१८ ला ३८० न्यूटन-मीटर मिळते, आणि तीही १९५० आरपीएमपासून.

हा फरक रस्त्यावर फार मोठा असतो. गळीत हंगामात माजलगावच्या किंवा अंबडच्या रस्त्यावर उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरमागे तुम्ही अडकलात. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये, काटा दोन हजारांवर, समोरून येणाऱ्या दोन वाहनांमध्ये थोडीशी जागा दिसली. टर्बो गाडीत पाय दाबला की ती निघते. जुन्या सहा सिलिंडरला आधी एक किंवा दोन गिअर खाली टाकायचे, काटा वर जाऊ द्यायचा, मग ती निघायची. "घड्याळ बघ" म्हणणाऱ्याची बाजू इथे भक्कम आहे.

पण पाय दाबणं आणि ओढ येणं यांच्यात टर्बोला क्षणभर वेळ लागतो. आधी जास्त वायू बाहेर पडायला हवा, मग चक्राने वेग घ्यायला हवा, मग दाब तयार व्हायला हवा. याला लॅग म्हणतात. रोजच्या गाडीत तो जाणवलाच तर चालून जातो. स्पोर्ट्‌स कारमध्ये, वळणाच्या ऐन मध्यावर, जेव्हा तुम्ही पायाच्या अंगठ्याने गाडीची रेषा सांभाळत असता, तेव्हा तो क्षण खटकतो. कन्नडच्या घाटात वळणातून बाहेर पडताना पायाने जेवढं मागितलं तेवढंच आणि तेव्हाच मिळावं, अशी अपेक्षा असते. टर्बो नसलेलं इंजिन ते देतं. शिवाय त्याची ताकद काट्याबरोबर चढत जाते. सात हजारांच्या पुढे ते सगळ्यात जिवंत असतं, म्हणून चालवणाऱ्याला तिथवर जायची ओढ लागते. टर्बो इंजिन सगळं लवकर देऊन टाकतं, मग वर जायला कारण उरत नाही. ही तक्रार कुठल्याही तक्त्यात दिसत नाही, पण ती मनाचे खेळ म्हणून उडवून लावण्यासारखी मुळीच नाही.

आपल्या हवेचा हिशेब

परदेशी चाचण्या वाचून इथे बसून वाद घालताना एक गोष्ट राहून जाते. आपली हवा वेगळी आहे. संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, त्यामुळे हवेचा दाब साधारण साडेसहा टक्क्यांनी कमी. त्यात मे महिन्याची ४२ अंशांची दुपार. समुद्रकाठी २५ अंशांना एक घनमीटरमध्ये जेवढी हवा असते, त्यापेक्षा इथे त्या दुपारी सुमारे १२ टक्के कमी असते. टर्बो नसलेलं इंजिन मिळेल तेवढीच हवा घेणार, त्यामुळे जुन्या बॉक्स्टरच्या २६५ घोड्यांतले तीसेक घोडे अशा दुपारी हजेरीच लावत नाहीत.

टर्बो या बाबतीत तग धरतो. बाहेर दाब कमी असला तर तो जास्त जोराने फिरून ठरलेला दाब भरून काढू शकतो. उष्णतेशी मात्र त्याचंही जमत नाही. हवा दाबली की ती आणखी तापते, ती थंड करायला इंटरकूलर असतो, आणि बाहेरची हवाच ४२ अंशांची असेल तर इंटरकूलर तरी किती थंड करणार? आतली हवा फार गरम झाली की ठिणगीने लावलेली ज्योत पोचायच्या आधीच उरलेलं पेट्रोल स्वतःहून पेटायला लागतं. त्याला नॉकिंग म्हणतात, आणि ते पिस्टनच्या मुळावर येतं. हे टाळायला गाडीतला संगणक ठिणगीची वेळ मागे ढकलतो, गरज पडली तर दाब उतरवतो, आणि तुम्हाला वाटतं आज गाडी जड का चालली आहे. म्हणून परभणी-नांदेडच्या उन्हात रीमॅप करून, म्हणजे गाडीतल्या संगणकाची मांडणी बदलून, ताकद वाढवणाऱ्यांनी इंटरकूलरचा आणि चांगल्या ऑक्टेनच्या पेट्रोलचा विचार आधी करावा. पेट्रोलमध्ये मिसळलेलं इथेनॉल, जे आपल्याच भागातल्या उसापासूनही होतं, ते नॉकिंग रोखायला मदत करतं. मात्र लिटरमागे त्यात ऊर्जा कमी असते, म्हणून अॅव्हरेज उतरतं.

सहाचा पंचम, चारचा षड्ज

आता आवाजाकडे येऊ, कारण खरी ठसठस तिथेच आहे.

चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. काटा सहा हजारांवर असताना एक सिलिंडर सेकंदाला पन्नास वेळा पेटतो. सहा सिलिंडर असले की सेकंदाला तीनशे स्फोट, चार असले की दोनशे. तीनास दोन. गाणं शिकलेल्या कुणालाही हे प्रमाण ओळखीचं वाटेल, षड्ज आणि पंचम यांच्यातलं अंतर तेच आहे. त्याच आरपीएमला चार सिलिंडरचा मुख्य स्वर सा धरला, तर सहा सिलिंडरचा प लागतो. आठ सिलिंडर असतील तर तार षड्ज. म्हणजे चाहत्यांच्या कानाला जे खाली आल्यासारखं वाटलं, ते मोजता येण्याइतकं खरं आहे. आवाज पंचमावरून षड्जावर उतरला.

गोष्ट एवढ्यावर थांबत नाही. टर्बोचं चक्र वायूच्या वाटेत उभं असल्यामुळे प्रत्येक स्फोटाची धार तिथेच बोथट होते. २०१८ च्या सुमारास युरोपात पेट्रोल गाड्यांच्या सायलेन्सरमध्येही काजळीचे फिल्टर आले, त्यांनी आणखी थोडा आवाज खाल्ला. युरोपातले आवाजाचे नियमही टप्प्याटप्प्याने कडक होत गेले, साध्या कारसाठी मर्यादा ७२ डेसिबलवरून ६८ कडे. बॉक्स्टरमध्ये सिलिंडर समोरासमोर आडवे झोपवलेले असतात. सहा सिलिंडर असे झोपवले की एकाचा धक्का दुसरा जवळजवळ पूर्ण फेडतो, म्हणून ते इंजिन रेशमासारखं फिरतं. चार असले की समोरासमोरचे पिस्टन एका रेषेत येत नाहीत, थोडे पुढे-मागे बसतात, आणि त्यातून इंजिनाला एक हलका झोका उरतो. म्हणून ७१८ उभी असताना जो घरघराट करते तो नुसत्या आवाजाचा प्रश्न नाही, तो हाताला आणि पाठीलाही जाणवतो.

तरीही चार सिलिंडरमुळे पोर्शेची परंपरा बुडाली, असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. १९४८ ची पोर्शे ३५६ आडव्या चार सिलिंडरचीच होती. ७१८ हे नाव ज्या १९५७ च्या रेसिंग गाडीवरून घेतलं, तिचं इंजिनही तसंच. परंपरा मोडली नाही. बॉक्स्टर मात्र १९९६ साली आली ती सहा सिलिंडर घेऊन, आणि वीस वर्षं लोकांनी तिच्यावर प्रेम केलं ते त्या सहांसकट.

निर्णय झाला कुठे

युरोपात प्रत्येक कंपनीच्या विकलेल्या सगळ्या गाड्यांच्या कार्बन डायऑक्साइडची सरासरी मोजतात. २०१५ साठी ती किलोमीटरला १३० ग्रॅमच्या आत हवी होती, पुढे २०२०-२१ पासून ९५. मर्यादा ओलांडली तर प्रत्येक जादा ग्रॅमला, प्रत्येक गाडीमागे ९५ युरोपर्यंत दंड, आणि २०१९ पासून तर पहिल्या ग्रॅमपासूनच पूर्ण ९५. लाखो गाड्या विकणाऱ्या समूहासाठी हा आकडा कुठे जातो ते पाहा.

ही मोजणी प्रयोगशाळेत व्हायची, आणि त्या काळची चाचणी फारच सौम्य होती. शून्यापासून पन्नासचा वेग गाठायला त्यात २६ सेकंद दिलेले होते. इतकी हळू तर आपल्याकडची भरलेली रिक्षाही चालत नाही. मोठं इंजिन अशा हलक्या कामात वाया जातं. त्याचा हवेचा पडदा जवळजवळ बंद असतो, पिस्टन त्या फटीतून हवा ओढण्यातच शक्ती घालवतात, शिवाय सहा सिलिंडरचं घर्षण चारांपेक्षा जास्त. लहान टर्बो इंजिनाला तीच चाचणी सोयीची, टर्बोला फारसं जागं व्हायची गरजच पडत नाही. खऱ्या रस्त्यावर पाय दाबला की चित्र पालटतं. टर्बो जागा होतो, तापतो, त्याला थंड ठेवायला काही वेळा जास्तीचं पेट्रोल ओतावं लागतं, आणि कागदावरचं अॅव्हरेज हाती लागत नाही. २०१७ पासून युरोपाने कडक चाचणी आणली त्यामागचं एक कारण हेच होतं.

चीनमध्ये तर कर थेट लिटरवर आहे. दीड ते दोन लिटरच्या गाडीला ५ टक्के, अडीचपर्यंत ९, तीनपर्यंत १२, चारपर्यंत २५, चारच्या वर ४०. जुनी बॉक्स्टर २.७ लिटरची, नवी २ लिटरची. वरचं बॉक्स्टर एस मॉडेल आधी ३.४ लिटरचं होतं, नंतर २.५ चं झालं. आता हे आकडे करांच्या रांगेशेजारी ठेवून बघा. बारावरून पाच, पंचवीसवरून नऊ. इंजिनाची मापं कुणाच्या टेबलावर ठरली हे वेगळं सांगायला नको.

हे काही नवं नाही. इटलीत पूर्वी दोन लिटरच्या वरच्या गाड्यांना विक्रीकर जवळपास दुप्पट होता, तेव्हा खुद्द फेरारीने २०८ नावाची दोन लिटरची गाडी काढली आणि तिची ताकद कमी पडते म्हणून १९८२ मध्ये तिला टर्बो लावला. आपल्याकडेही तेच चालू आहे. चार मीटरच्या आत लांबी आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आत असेल तर सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी १८ टक्के, नाहीतर ४०. म्हणून तर रस्त्यावर एवढी एक लिटरची टर्बो इंजिनं दिसतात. अर्थात कमी करात न बसणाऱ्या गाड्यांतही ती आली. २०२० मध्ये स्कोडाने रॅपिडमधलं १.६ लिटरचं चार सिलिंडर इंजिन काढून १ लिटरचं तीन सिलिंडर टर्बो बसवलं, ताकद १०५ वरून ११० झाली आणि ओढ १५३ वरून १७५ न्यूटन-मीटर. त्यावर फारसं कुणी रडलं नाही, आणि ते बरोबरच होतं. कामाला जायच्या गाडीत कमी इंधनात जास्त ओढ मिळत असेल तर नाराज व्हायचं कारण काय?

पत्र्याची गोष्ट थोडक्यात. ७१८ मध्ये दोन्ही डिक्क्यांची झाकणं, पुढची काच आणि छप्पर सोडून बाकी जवळजवळ सगळं बाहेरचं रूप बदललं. पुढच्या आणि बाजूच्या जाळ्या मोठ्या झाल्या त्या आक्रमक दिसण्यासाठी, असं लोक म्हणतात. खरं कारण टर्बो आणि इंटरकूलरला लागणारी जादा थंड हवा. मागे दोन दिव्यांमधून जाणाऱ्या काळ्या पट्टीवर कंपनीचं नाव आलं, ते मला आवडलं. ज्यांना नाही आवडलं त्यांच्याशी वाद घालण्यासारखं त्यात काही नाही.

लहान म्हणजे कुठलं लहान

सगळी लहान इंजिनं एकाच माळेत ओवणं मला पटत नाही. माझदाने २०१५ मध्ये एमएक्स-५ ची चौथी पिढी आणली तेव्हा जपानात २ लिटरच्या जागी १.५ लिटरचं इंजिन दिलं, तेही टर्बोशिवाय. ताकद जेमतेम १३१ अश्वशक्ती. पण गाडीचं वजन सुमारे शंभर किलोने उतरवलं, सगळ्यात साधं मॉडेल ९९० किलोचं. चाहत्यांनी ती डोक्यावर घेतली. इंजिन लहान झालं, पण सगळी गाडीच त्या मानाने हलकी झाली, आणि पायाखालचं उत्तर तसंच ताजं राहिलं. ही गाडी भारतात विकली जात नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

दुसऱ्या टोकाला मर्सिडीजची सी ६३. स्पोर्ट्‌स कार नव्हे, चार दारांची सेडान, पण तिचं सारं नाव चार लिटरच्या आठ सिलिंडरवर उभं होतं. २०२२ मध्ये त्याच व्यासाचे, त्याच मापाचे नेमके अर्धे सिलिंडर ठेवून २ लिटरचं इंजिन आलं. टर्बोच्या दांड्यावरच विजेची मोटर बसवून लॅग मारला, मागच्या चाकांना वेगळी मोटर दिली, आणि एकूण ताकद ६८० अश्वशक्ती. आधीची सर्वात ताकदवान ५१० ची होती. आकड्यांत विचारलं तर हरकत घ्यायला जागाच नाही. पण बॅटरी आणि मोटरसकट वजन २,१११ किलोवर गेलं, आणि मुख्य स्वर एक अख्खं सप्तक खाली आला. या गाडीवर चाहते चिडले ते चार सिलिंडरमुळे, असं सरसकट म्हटलं जातं. मला वजनाची तक्रार जास्त खरी वाटते. आवाजाची सवय होते, दोन टनांची होत नाही. वळण आलं की ते दर वेळी हजर असतात.

पोर्शेने पुढे काय केलं ते या सगळ्या वादातलं सगळ्यात बोलकं प्रकरण आहे. २०१७ ची ७१८ जीटीएस २.५ लिटर टर्बोची, ३६५ अश्वशक्तीची होती. २०२० मध्ये त्याच जीटीएसमध्ये ४ लिटरचं, सहा सिलिंडरचं, टर्बो नसलेलं इंजिन बसवलं, ४०० अश्वशक्ती आणि ७८०० पर्यंत जाणारा काटा. मॅन्युअल गाडीचा शून्य ते शंभरचा वेळ ४.६ सेकंदांवरून ४.५ झाला. फक्त एक दशांश! म्हणजे एवढा खटाटोप घड्याळासाठी केलेला नव्हताच. जो आवाज आणि पायाला जे ताजं उत्तर लोक मागत होते, तेच त्यांना परत दिलं, आणि हलक्या कामात अर्धे सिलिंडर बंद ठेवण्याची सोय करून धुराचा हिशेबही सांभाळला. "घड्याळ बघ" म्हणणाऱ्यांना माझं हेच उत्तर आहे. आवाजाची किंमत खुद्द कंपनीने मान्य केली.

तरी आपल्या रस्त्यांचा विचार केला तर त्या ४ लिटर इंजिनालाही एक अडचण आहे. तिचे गिअर इतके लांब आहेत की काटा शेवटपर्यंत नेला तर दुसऱ्याच गिअरमध्ये गाडी १२० च्या पार जाते, आणि समृद्धी महामार्गावर कारची मर्यादाच १२० आहे. ज्या सात हजारांच्या सुरासाठी पैसे मोजायचे, तो कायद्यात राहून पहिल्या-दुसऱ्या गिअरपलीकडे ऐकताच येणार नाही. म्हणून इथल्या माणसाने स्पोर्ट्‌स कारकडून काय मागावं असं मला कुणी विचारलं, तर मी आधी कमी वजन मागेन, मग टर्बो नसलेलं छोटं इंजिन, आणि ताकद सगळ्यात शेवटी.

सेकंड-हँड ७१८ घ्यायचा कुणाचा विचार असेल, तर ती दुपारी दोनच्या उन्हात चालवून बघा, सकाळच्या गारव्यात नको. अर्धा तास गावातल्या गर्दीत फिरवा, मग मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये काटा दीड हजारावर ठेवून पाय पूर्ण दाबा. ओढ यायला किती वेळ लागतो ते मनात मोजा आणि तेवढं थांबणं आपल्याला चालेल का ते ठरवा. बंद करण्याआधी मिनिटभर स्लोवर ठेवा, सायलेन्सरमधून निळसर धूर येतो का पाहा, आणि तेल बदलल्याच्या नोंदी मागा. नोंदी नसतील तर भाव कितीही चांगला असला तरी सोडून द्या.